मापाबरहुकूम हार्नेस

मी खरेदी विभागात चोवीस वर्षं काढली आहेत. झाडूपासून जनरेटरपर्यंत हजारो वस्तू माझ्या सहीने आत आल्या, आणि मापात बसली नाही म्हणून त्यातली एकही परत गेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकताना लोक ज्या नजरेने माझ्याकडे बघतात ती आता मला पाठ झाली आहे.

विषय एवढाच होता, की कुत्र्याला फिरायला नेताना त्याच्या गळ्यात पट्टा घालायचा की अंगात हार्नेस. शहाण्या माणसाने दुकानात जाऊन हाताला लागेल ते उचललं असतं. पण शहाणी माणसं खरेदी विभागात टिकत नाहीत.

त्याला आमचा कुत्रा म्हणणंही तसं घाईचंच. प्राण्यांच्या आश्रयगृहातून तो तीस दिवसांच्या बोलीवर आणला होता. तिथल्या वहीत त्याचा क्रमांक सतरा, म्हणून घरातही तो सतराच राहिला. अंगावर केस इतके, की पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे तो चालायला लागल्यावरच कळायचं. तिसाव्या दिवशी आश्रयगृहातल्या बाई येणार, आम्हाला त्याला रस्त्यावर नीट फिरवता येतं का ते पाहणार, आणि येत नसेल तर त्याला परत घेऊन जाणार, असं ठरलं होतं.

तो परत जाऊन चालणार नव्हतं. तो बाबांसाठी आणला होता. आई गेल्यावर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते चौदा महिने बसूनच होते. जरा फिरून या म्हटलं की म्हणायचे, "कुठे?" सतरा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी जाऊन उभा राहिला, आणि बाबा उठून चपला शोधू लागले. माझी बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी तर सगळी घासलेली होती.

आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी सतराला मांजर दिसलं. आश्रयगृहाने दिलेली सुताची दोरी बाबांनी मनगटाला गुंडाळली होती, त्यामुळे मांजर, सतरा आणि बाबा या क्रमाने तिघेही कोपऱ्यावरच्या कुंपणात शिरले. बाबांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ही बातमी आश्रयगृहापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नाही. बाईंचा फोन आला.

"ती दोरी आता वापरायची नाही. पट्टा घ्या नाहीतर हार्नेस घ्या, पण मी येईन तेव्हा काहीतरी धड दिसलं पाहिजे. म्हातारा माणूस पुन्हा पडला तर कुत्रा मी ठेवणार नाही तुमच्याकडे."

मी त्याच संध्याकाळी फाइल उघडली. बायको म्हणाली, "अरे, कुत्र्याचा पट्टा आणायचाय, पूल बांधायचा नाही." आम्ही दोघं एकेकाळी एकाच कचेरीत होतो, त्यामुळे ती मला अरे-तुरे करते आणि माझ्या फाइलींना मुळीच भीत नाही.

बाबांचं मत पहिल्याच दिवशी मिळालं. त्यांची सगळी नोकरी तारखात्यात गेली, त्यामुळे ते शब्द मोजून वापरतात.

"पट्टा," ते म्हणाले.

"का पण?"

"गळा कशाला असतो?"

माझा कल हार्नेसकडे होता. पट्ट्याला हिसका बसला की कुत्र्याच्या श्वासनलिकेवर ताण येतो, हार्नेसमध्ये तो छातीवर वाटला जातो, असं मी वाचलं होतं. बाबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग हिसका देऊ नये."

तिसरं मत मागायला मी गेलो नव्हतो, ते जिन्यावरून उतरून आलं. वरच्या मजल्यावर कर्नल राहतात. त्यांना कर्नल का म्हणतात हे कोणालाच माहीत नाही. सैन्याशी त्यांचा संबंध त्यांच्या मिशांपुरताच आहे. "हार्नेसच," ते म्हणाले, "पण कडी पुढे छातीवर हवी. पाठीवर कडी असली की कुत्र्याचा बैल होतो. ओढत नेतो माणसाला." पाऊण तास त्यांनी मला कुत्र्यांचं मानसशास्त्र समजावलं. ते गेल्यावर बायकोने सांगितलं, की कर्नलांनी आयुष्यात एकच प्राणी पाळला होता, कासव, आणि ते पळून गेलं.

एकंदरीत मतभेद होते, आणि मतभेद असले की आमच्या विभागात प्रात्यक्षिक घेतात. बाजारातला प्राण्यांच्या सामानाचा दुकानदार सज्जन माणूस. त्याच्याकडून मी एक पट्टा आणि एक मोठ्या मापाचा हार्नेस नमुना म्हणून सही करून आणला. आता प्रात्यक्षिक कोणावर घ्यायचं? सतरावर घेऊन उपयोग नव्हता, कारण कुठे दुखतं हे तो सांगणार नव्हता. ओढल्यावर नक्की कुठे ताण येतो हे सांगू शकेल असा, सज्ञान, अहवाल लिहिता येणारा प्राणी हवा होता. घरात असा एकच होता.

पट्ट्याची चाचणी लवकर आटोपली. बायकोने दोरी धरून एकदाच ओढली, आणि बाबांचं मत मी मनातल्या मनात रद्द केलं. मग हार्नेस चढवला. मला तो पोटावर जरा घट्ट होत होता, पण श्वास आत घेतल्यावर पाठीवरची प्लास्टिकची खटकी टक्कन बसली. हॉलमध्ये मी चार पावलं पुढे गेलो, तिने ओढलं, ताण बरोबर छातीवर वाटला गेला. मला कोण आनंद झाला! तिला म्हटलं, आता काढ. तिने खटकी दाबली. खटकी हलेना. बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "कापू?"

"कापायचं नाही! नमुना आहे तो, परत करायचाय!"

नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली आणि सतराच्या आधी मीच दाराकडे वळलो, कारण दोरी अजून माझ्या पाठीला होती आणि तिचं दुसरं टोक धरून बायको दार उघडायला निघाली होती. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, दोरी धरलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं. सभ्य माणूस आहे. म्हणाले, "मी नंतर येऊ का?"

"नाही नाही, या ना," बायको म्हणाली. "तो काही करत नाही."

सेक्रेटरी खुर्चीच्या कडेवर बसले आणि छताकडे बघत कामाचं बोलले. सोसायटीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पाळीव प्राण्याच्या गळ्यात सोसायटीचा पत्र्याचा बिल्ला हवा. सतराच्या गळ्यात तो नव्हता.

"हार्नेस घेतोय आम्ही," मी म्हणालो. "त्याला अडकवू की बिल्ला. छातीवर."

"नियमात गळ्यात असं लिहिलंय."

"छाती आणि गळा यांत चार बोटांचं तर अंतर आहे, सेक्रेटरी."

"असेल. पण नियमात दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. ती होईल आता वर्षाअखेर." मग खाली मान घालून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे तुम्ही रोज घालणार आहात का?"

त्या दिवशी मी अंगात हार्नेस, त्यावर शर्ट, त्यावर जाकीट असा बाजारात गेलो. ऊन मरणाचं होतं. लिफ्टमध्ये कर्नल भेटले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, हाताला खटकी लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत. दुकानदाराने मला पडद्यामागे नेलं आणि दोन्ही बाजूंनी एकदम दाबून खटकी एका क्षणात सोडवली. म्हणाला, "साहेब, हा कुत्र्याला घालायचा असतो." त्याने हे हसत सांगितलं असतं तर मी सहन केलं असतं. त्याने खरंच मला माहीत नसेल असं समजून सांगितलं.

तर निर्णय झाला, दोन्ही घ्यायचे. बिल्ल्यासाठी पट्टा, ओढण्यासाठी हार्नेस. बाबांचा मान राहिला, माझं शास्त्र राहिलं, सोसायटीचा नियम राहिला. मी स्वतः शिंप्याची टेप घेऊन सतराचं माप घेतलं. गळा शेहेचाळीस सेंटिमीटर, छाती त्र्याहत्तर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. स्पेसिफिकेशन दोन पानी झालं. कडी छातीवर, शिलाई दुहेरी, आणि सरकत्या पट्ट्या अजिबात नकोत, कारण सरकतं ते सैल होतं हा माझा चोवीस वर्षांचा अनुभव. दुकानदार म्हणाला, तयार माल घ्या, त्यात कमीजास्त करता येतं. मी म्हटलं, आपल्याला कमीजास्त करायचंच नाही, आपल्याला बरोबर हवंय. त्याने मोठा उसासा टाकला आणि कारागिराकडे मापाने शिवायला दिलं. माल एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी मी कचेरीत असताना तळमजल्यावरच्या काकू घरी आल्या. त्यांचं बाकी काही नाही, फक्त दुसऱ्याच्या घरातली अस्वच्छता त्यांना बघवत नाही. "उद्या त्या बाई येणार, आणि हा असा?" त्या बायकोला म्हणाल्या. "माझ्या भाचीने दुकान काढलंय, कुत्र्यांना आंघोळ घालते, केस कापते. चल, मी येते तुझ्याबरोबर." बायकोला ते पटलं. बाईंवर छाप पडावी असं तिलाही वाटत होतं. दोघी सतराला रिक्षात घालून घेऊन गेल्या.

मी संध्याकाळी माल घेऊन आलो तेव्हा बाबांच्या खुर्चीखाली एक लहानसा, लांब मानेचा, अनोळखी प्राणी झोपला होता. ओळख पटायला वेळ लागला. पण डोळे सुंदर निघाले त्याचे, एवढे दिवस दिसलेच नव्हते. मी त्याचं कौतुक केलं, हात धुतले आणि माल तपासायला बसलो.

आता इथे माझ्यावर टीका होते म्हणून नीट सांगतो. आलेला माल मागणीच्या कागदाशी ताडून पाहायचा, ही आमच्या खात्याची पद्धत आहे. मी पट्टा टेपने मोजला. गळा शेहेचाळीस. हार्नेस मोजला. छाती त्र्याहत्तर. शिलाई दुहेरी, कडी छातीवर, सरकती पट्टी नाही. मिलिमीटरचा फरक नाही! मी कागदावर लिहिलं, "माल मापाबरहुकूम आहे," खाली सही केली, तारीख घातली, आणि समाधानाने जेवायला बसलो. माल कुत्र्याशी ताडून पाहायचा असं चोवीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई यायच्या दहा मिनिटं आधी, आम्ही सतराला दोन्ही वस्तू चढवल्या. पट्टा शेवटच्या भोकातही जरा ऐसपैस वाटला. कर्नल देखरेखीला हजर होतेच. म्हणाले, "गळ्यात आणि पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत, हा नियम आहे."

"माझा पंजा जातोय."

"मग उत्तमच. दोनाच्या जागी चार."

बाबा वाकून बघत होते. "सैल आहे," ते म्हणाले.

"बाबा, मोजून घेतलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सतराकडे. मी लहानपणी गणिताचा पेपर सोपा होता असं सांगायचो तेव्हा ते असेच बघायचे.

बाई आल्या. उंच, पांढरे केस, हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म. इकडचं तिकडचं बोलणं नाही. "चला, फिरवून दाखवा," म्हणाल्या. फाटकातून आमची मिरवणूक निघाली. पट्ट्याची दोरी बाबांच्या हातात, हार्नेसची माझ्या हातात, मध्ये सतरा, मागे बाई, त्यांच्या मागे बायको, कर्नल आणि काकू. सेक्रेटरी गच्चीतून बघत होते. फूटपाथवर पन्नास पावलं अगदी दृष्ट लागण्यासारखी झाली. मग सतरा एका विजेच्या खांबापाशी थांबला आणि वास घेऊ लागला.

हे अगदी नैसर्गिक होतं. पण बाई घड्याळ बघत होत्या, आणि मला वाटलं की आपला ताबा दिसला पाहिजे. मी हळूच ओढलं. सतराने पाय रोवले. बाबा म्हणाले, "हिसका देऊ नकोस." मी म्हटलं, हिसका नाही, हा छातीवर वाटला जाणारा ताण आहे. आणि जोर लावला. सतराने मान खाली घातली, पार्श्वभाग वर केला, दोन पावलं मागे गेला, आणि अंगातला स्वेटर काढावा तसा दोन्ही वस्तूंमधून सहज बाहेर आला.

फूटपाथवर मी आणि बाबा उभे होतो. त्यांच्या हातात बिल्ल्यासकट पट्टा होता आणि माझ्या हातात मापाबरहुकूम हार्नेस. सतराने एकदा अंग झाडलं आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने सुसाट निघाला.

त्या रस्त्यावर ट्रक चालतात. मी धावलो. "सतरा! सतरा!" असं ओरडत धावलो. काकू "बाळा, बाळा" करत होत्या. कर्नलांनी शिट्टी वाजवायला दोन बोटं तोंडात घातली, पण त्यातून नुसती हवाच आली. बायको चपला हातात घेऊन मला मागे टाकून पुढे गेली. सतरा थांबत नव्हता. वळणापर्यंत पोचायला त्याला चार उड्या उरल्या होत्या. तो मेला तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या वेळी ते माझ्यामुळे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो! ऐकलंत का?"

फार मोठा आवाज नव्हता. थोडा वैतागलेला, शेवटचं "का" जरासं लांबवलेला. मी जागच्या जागी थांबलो. ही हाक मी चाळीस वर्षं ऐकली होती, आतल्या खोलीतून, जिन्यावरून, गर्दीच्या बाजारात. फक्त ती बाबा मारत नसत. ती आई मारायची, बाबांना.

सतराही थांबला होता. त्याने वळून पाहिलं. मग काही घाई नाही, काही अपराधी भाव नाही, वाटेतल्या दोन पायऱ्यांचा वास घेत, आमच्या सगळ्यांच्या मधून तो सावकाश चालत परत आला आणि बाबांच्या पायाशी बसला. बाबा अगदी असेच यायचे जेवायला. आईने वाढलेलं ताट निवून जायचं.

बाई पेन हातात धरून उभ्या होत्या. "याला ही हाक कोणी शिकवली?" त्यांनी विचारलं.

"शिकवली नाही," बाबा म्हणाले. त्यांनी वाकून सतराच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि ते आमच्याकडे न बघता बोलत होते. "माझी बायको मला ही हाक मारायची. दिवसातून वीसदा. मी एकदाही पहिल्या हाकेला गेलो नाही. ती गेली आणि घरात ती हाक बंद झाली. कानाला करमेना. हा आल्यावर, रस्त्यात कोणी नसलं की, मीच मारून बघायला लागलो." मग थोडं थांबून म्हणाले, "हा पहिल्या हाकेला येतो."

एका दमात एवढे शब्द बाबा बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकू डोळे पुसायला लागल्या, पदराला नाही, कर्नलांच्या बाहीला. कर्नलांनी बाही काढून घेतली नाही. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिलो. माझ्या हातात तो हार्नेस होता, आणि तो कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं.

बाईंनी फॉर्म भरला. साधनाच्या रकान्यात त्यांनी "नापास" लिहिलं, आणि ते मला दिसेल असं लिहिलं. "हाकेला येतो का" या रकान्यात बरोबरची खूण केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या दुकानात जायचं. कुत्र्याला बरोबर न्यायचं. सरकत्या पट्ट्यांचा तयार हार्नेस घ्यायचा, अंगावर घालून बघायचा. कुत्र्याच्या." शेवटच्या शब्दावर त्यांनी सेक्रेटरींच्या गच्चीकडे का पाहिलं, याचा मी अजून शोध घेतो आहे. फॉर्मची खालची प्रत त्यांनी बाबांच्या हातात दिली. "कुत्रा तुमचा," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी खरेदीची फाइल बंद करत बसलो होतो. शेवटचा शेरा काय लिहावा ते सुचत नव्हतं. बायकोने स्वयंपाकघरातून मला दोनदा "अरे" म्हणून हाक मारली. मी हं म्हटलं आणि बसून राहिलो. मग आत तिने पानं मांडल्याचा आवाज आला.

"अहो! ऐकलंत का? पानं वाढलीत!"

हाक मलाच होती. पण बाबा खुर्चीतून म्हणाले, "आलो, आलो," आणि उठले. सतरा त्यांच्या मागे गेला. दोघांनाही पोचायला मिनिटभरही लागलं नाही.